काडी खोटं बोलत नाही

आमच्या भोरात मांडवात शिरणाऱ्या नवरदेवाला दोन गोष्टींची धास्ती असते. एक, करवल्या बूट पळवतील याची आणि दुसरी, तात्यांची. तात्या रीतसर आहेर करतात, तोंड भरून आशीर्वाद देतात आणि पाठीवरून हात फिरवता फिरवता कोटाच्या आतल्या शिवणीतून एक दोरा अलगद उपसून घेतात. मग मांडवाबाहेर जाऊन काडी ओढतात आणि तो दोरा जाळतात. वास घेतात, राख चिमटीत चोळतात आणि वरबापाला बाजूला घेऊन निकाल सांगतात, "लोकरीचा म्हणून घेतला न्हवं? फसला तुमी. निस्तं पॉलिस्टर हाय."

वरबापाचा चेहरा उतरतो. तात्या मात्र शांतपणे जेवायला बसतात.

तात्यांचं एसटी स्टँडसमोर इस्त्रीचं दुकान आहे. एक टेबल, त्यावर चौघडी केलेली घोंगडी, कोळशाची इस्त्री आणि काडेपेटी. वय सत्तरीच्या पुढं, अंगात पांढरा सुती सदरा आणि त्याला अशी घडी की तिच्यावर बोट कापावं. मी एसटीत कंडक्टर. डेपोत रुजू झालो त्या दिवशी माझा खाकी गणवेश तात्यांकडे दिला, तेव्हा त्यांनी आधी त्याचा दोरा जाळला. म्हणाले, टेरीकॉट आहे, निम्मा खरा, निम्मा मिसळलेला, फार तापवून चालायचं नाही. तेव्हापासून कुणी गुळमुळीत बोलायला लागलं की तात्या त्यालाही टेरीकॉट म्हणतात. एकदा बायकोसमोर मलाही म्हणाले होते, आणि तिनं ते लक्षात ठेवलं आहे.

दोरा जाळायची विद्या त्यांनी मला फुकटात शिकवली. सुती दोरा कागदासारखा भुरकन जळतो, मागं मऊ राख राहते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास सुटतो आणि राख चिमटीत चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा काळा, टणक मणी होतो. "तो मणी गरम आसताना बोट लावू नका," ते दर वेळी बजावत. "कातडी घिऊनच सुटतो." राख झाली की ती जमलेल्या प्रत्येकाच्या नाकाखाली फिरवायची ही त्यांची पद्धत. आपला शब्द नको, ज्यानं त्यानं वास घ्यावा. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "काडी खोटं बोलत न्हाई."

एकदा एका पुढाऱ्याचं खादीचं जाकीट सभेच्या सकाळी इस्त्रीला आलं. तात्यांनी दोरा जाळला आणि जाकीट तसंच परत पाठवलं. सोबत निरोप दिला की खादीची इस्त्री तयार आहे, खादी असेल तर पाठवा. ती गोष्ट दुपारपर्यंत पार भोंगवली गावापर्यंत पोचली होती. बाजारपेठेतला एक कापडवाला तर तात्या समोरून येताना दिसले की 'प्युअर' लिहिलेली पाटी उलटी करतो. पुण्यात मोठमोठी दुकानं असतील, यंत्रं असतील. पण असा माणूस आमच्या गावात आहे याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी गाडीत शेजारी बसलेल्या परक्या उतारूलाही ऐकवतो.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात माझ्या घरात जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझी लेक स्वाती पुण्यात नोकरीला लागली. पहिल्या पगारात तिनं आईसाठी साडी आणली. आमच्या हिनं जन्मात रेशीम नेसलं नव्हतं. मोरपंखी रंग, काठ भरलेला, आणि दुकानदारानं प्युअर सिल्क म्हणून दिलेली. आळीतल्या बायका बघायला जमल्या. मी सहज पदराला हात लावला आणि चपापलो. इतकी वर्षं तात्यांच्या टेबलाशी उभं राहून बोटांना थोडंफार कळायला लागलंय. साडी फारच गुळगुळीत होती, मुठीत धरली तर ऊब लागत नव्हती.

मी रंगाचं कौतुक करून बाजूला झालो. पण लेक पडली भोरची. तिनं स्वतःच तात्यांना बोलावणं पाठवलं. तात्यांनी काडी लावल्याशिवाय आमच्या आळीत साडी नवी होत नाही. चार बायकांसमोर त्यांच्या तोंडून 'अस्सल' हा शब्द तिला हवा होता.

तात्या आले. साडी हातात घेतली आणि मला वाटतं, त्यांनाही तिथंच कळलं. मी डोळ्यांनी खुणावणार होतो, पण तात्यांना कापडाबाबत खुणावायची माझी छाती नाही. त्यांनी पदराच्या गोंड्यातून दोरा काढला. काडी ओढली. स्वाती आईचा हात धरून उभी होती. दोरा आक्रसला, आणि तात्यांनी तो झटकन चिमटीत दाबून मूठ मिटली.

"रेशीम हाय," ते म्हणाले. "अस्सल."

आमच्या हिनं डोळ्यांना पदर लावला. स्वाती तर अशी ताठ झाली की जणू तहसीलदार झाली. तात्यांनी मग साडीची निगा सांगितली. पावडरीत बुडवायची नाही, रिठ्याच्या पाण्यात खळबळायची, सावलीत वाळवायची, दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरी घालायची. इस्त्री मीच करणार, वर मलमल टाकून, असंही म्हणाले. हे सगळं सांगताना मूठ मिटलेलीच होती. राख कुणाच्या नाकाखाली फिरली नाही. घरात केस जळल्याचा वासही आला नाही.

बिनतिकिटाचा उतारू मी चेहऱ्यावरून ओळखतो. त्या दिवशी तात्यांचा चेहरा तसा होता.

दुसऱ्या दिवशी गणवेश घेऊन दुकानी गेलो. तात्या डाव्या हातानं इस्त्री फिरवत होते. उजव्या अंगठ्यावर टपोरा फोड आला होता. रेशमाच्या राखेनं फोड येत नाही. मी अंगठ्याकडे पाहिलं, तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले, "आत या, कंडक्टर."

दुकानामागच्या खोलीत ते एकटेच राहतात. त्यांची बायको, शेवंतामामी, जाऊन सहा वर्षं झाली. घमेल्यात रिठ्याचं कोमट पाणी होतं आणि त्यात एक तपकिरी स्वेटर भिजत होता. मी तो कधी त्यांच्या अंगात पाहिला नव्हता. बाहीच्या टोकाशी एक दोरा उसवलेला होता.

तात्या सांगत गेले. मामींनी एका पावसाळ्यात आंबवड्याकडे लोकांच्या भाताची लावणी केली, चिखलात वाकून. त्या पैशातून थंडीत बाजारातून हा स्वेटर आणला, लोकरीचा म्हणून, नवऱ्याला. तात्यांनी दुकानात दहा माणसांसमोर दोरा जाळला. काळा मणी सगळ्यांना दाखवला.

"मामी काय म्हणाल्या?"

"काय म्हननार. हसली. म्हनली, मला काय कळतंय त्यातलं." त्यांनी पाण्यात हात घातला. "पर माझ्यासाठी परत कधी कापड आणलं न्हाई तिनं."

तात्यांनी फोडाचा अंगठा वर धरला होता, पाण्याबाहेर.

"काडी खरं बोलली, कंडक्टर. म्या गप बसाया पायजे हुतं."

तो स्वेटर दगडावर आपटला असता तरी त्याला काही झालं नसतं, हे तात्यांनीच मला शिकवलेलं. पण त्यांनी बाजेवर कोरडा टॉवेल पसरला. ओली लोकर टांगली तर लांबते, म्हणून ती आडवीच वाळवतात. मग एका हातानं जमेना म्हणून त्यांनी दुसरी बाजू माझ्यापुढं केली.

"धरा. दोनी हातांनी. आन पिळू नका, लोकर हाय."

मी दोन्ही हातांनी धरला.