डोंगर सरकारी हाय

मोकल सरांकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला बसायच्या आधी चष्मा लावावा लागतो. पाणी नंतर, नाव-गाव नंतर, काम सगळ्यात शेवटी. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे असोत, सर दारातच पुठ्ठ्याचा चष्मा हातात ठेवतात आणि म्हणतात, "लावा. आधी डोंगर बघा, मग बोलू."

मग त्या माणसाला घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेतात. दार लावून अंधार करतात. समोरची रुपेरी भिंत उजळते आणि आपला रोह्याचा अवचितगड त्या बिचाऱ्याच्या नाकासमोर येऊन उभा राहतो. कड्याखाली दरी खरोखर खोल जाते आणि डोंगराची एक सोंड भिंतीतून बाहेर येऊन आपल्या गुडघ्याला लागेल असं वाटतं. माणूस नकळत पाय मागे घेतो आणि हात पुढे करतो, त्या सोंडेला हात लावायला. सर नेमकी त्याचीच वाट बघत असतात. अंधारातून आवाज येतो, "हात खाली! डोंगर सरकारी हाय."

ज्याचा हात उठला तो पास. ज्याचा उठला नाही त्याच्याबद्दल सरांचं मत कायमचं वाईट होतं. मागे मतं मागायला आलेला एक उमेदवार आतमध्ये फोनवर बोलत राहिला. "ज्याला एवढा डोंगर दिसत नाय, त्याला आपला रस्ता काय दिसणार?" असं म्हणून सरांनी त्याला चहासुद्धा दिला नाही.

मी रोह्याजवळच्या वरसे गावात त्यांच्या शेजारी राहतो. कंपनीत शिफ्टला जातो, म्हणून सर मला नावाने हाक न मारता 'कंपनी' म्हणतात. "काय कंपनी, कुठली शिफ्ट?" नाइट करून आलो असं सांगितलं की कोणताही सभ्य शेजारी म्हणेल, बाबा, झोप जा. सर म्हणतात, "मग मोकळाच हायस. चल, फळी धर."

सर भूशास्त्राचे प्राध्यापक. जन्म धरमतरच्या खाडीकाठचा, मीठ आणि खाऱ्या जमिनीतला खारभात करणाऱ्या घरातला. "जिथं सगळं सपाट, तिथं जन्मलो, म्हणून डोंगराचं वेड," असं ते स्वतःच सांगतात. जन्मभर त्यांनी पोरांना नकाशावरच्या रेघा दाखवून डोंगर शिकवले आणि जन्मभर पोरांना त्या रेघाच दिसल्या, डोंगर दिसला नाही. हे दुःख घेऊन ते निवृत्त झाले. मग त्यांना कळलं की परदेशातल्या विद्यापीठांत भिंतभर उठावाचं चित्र दाखवतात आणि भूशास्त्रज्ञ त्याच्यासमोर बसून दगडांचे थर वाचतात. त्याचा खर्च ऐकून दुसरा कोणी गप्प बसला असता. सर पेणला गेले आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून दोन जुने प्रोजेक्टर घेऊन आले.

युक्ती साधी आहे, निदान सर ती साधी म्हणतात. डावा डोळा आणि उजवा डोळा जगाकडे जरा वेगवेगळ्या जागेवरून बघतात. म्हणून एक प्रोजेक्टर डाव्या डोळ्याचं चित्र टाकणार, दुसरा उजव्याचं, दोन्ही एकावर एक. प्रत्येकापुढे एक खास काच. तसलीच काच चष्म्यात. मग डाव्या डोळ्याला फक्त डावं चित्र पोचतं, उजव्याला उजवं, आणि डोक्यात डोंगर उभा राहतो. डोंगरांच्या उंचीची उपग्रहावरून घेतलेली मोजमापं फुकट मिळतात. बाकी लागते ती चिकाटी आणि फळ्या धरायला शेजारी. "दोन डोळे दिलेत ते काय शोभेला?" हे सरांचं पालुपद. दिवसातून कितीदा ऐकलं असेल याचा हिशोब नाही. माझ्या झोपेला, मुलांच्या अभ्यासाला, ग्रामपंचायतीच्या कारभाराला, सगळ्याला हेच एक उत्तर.

अडलं ते पडद्यापाशी. पांढऱ्या कापडावर दोन चित्रांची खिचडी व्हायची. पडदा चंदेरीच हवा आणि रंग अगदी एकसारखा बसायला हवा. एवढा हात कोणाचा? सरांनी लगेच पेणजवळच्या जोहे गावाचं नाव घेतलं. तिथे गणपतीच्या कारखान्यात हसुराम म्हणून त्यांचा शाळेतला दोस्त मूर्ती रंगवतो. आम्ही टेम्पोतून प्लायवूडची एक फळी नमुन्याला म्हणून नेऊन दिली आणि सांगितलं, नुसता चंदेरी मार, बाकी काही नको.

आठवड्याने आणायला गेलो तर फळी गरोदर! कडा काळपट, मध्ये उजेड, त्यावर हलकी मोतिया झाक. सपाट प्लायवूडला हसुरामने असं पोट काढलं होतं की टेम्पोवाल्याने बोटाने दाबून पाहिलं.

"अरे हसुराम, हे काय केलंस?"

"थोडा उठाव दिला सर," हसुराम कौतुकाची वाट बघत म्हणाला. "सपाट मारली तर मेल्यासारखी दिसते."

"उठाव मी देणार हाय! प्रोजेक्टरनं! तू फक्त चंदेरी मार."

"आमच्या कारखान्यातून सपाट वस्तू बाहेर जात नाय सर. गालाला, सोंडेला, पोटाला उठाव देऊन देऊन माझा हात तसाच वळलाय. तो सरळ जाईल का, मला नाय माहीत."

शेवटी सर त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले. हसुरामचा हात कडेला गेला की "तिथं नको" म्हणायचे. हसुरामने बाकीच्या फळ्या तोंड फिरवून, एखादं पाप करत असल्यासारख्या मारल्या. भिंत मात्र झकास झाली. ती पोटुशी फळी सरांनी ओसरीत टेकवून ठेवली, कधीतरी कपाटाला होईल म्हणून.

भिंत उभी राहिली आणि आमच्या गल्लीची जत्रा झाली. कॉलेजची पोरं यायची. पुण्याहून दोन संशोधक आले, त्यांच्याकडे म्हणे मोठं वातानुकूलित दालन आहे. सरांनी त्यांना डोंगरात घुसलेल्या काळ्या दगडाच्या उभ्या पट्ट्या दाखवल्या, त्यातल्या एकाचा हात उठला आणि सरांनी त्यालाही डोंगर सरकारी असल्याचं सांगितलं. आसपासच्या गावांतले वाल आणि भात पिकवणारे शेतकरी यायचे. आपल्या शेतात पाणी कुठल्या घळीतून उतरतं ते बघून आपापसांत भांडायचे आणि भांडत भांडत आनंदाने घरी जायचे. मी कितीही कुरकुर करत असलो तरी खरं सांगतो, असा शिक्षक मला शाळेत मिळाला असता तर मी आज शिफ्ट करत नसतो.

या सगळ्यात पहिली खुर्ची शालूकाकूंची. सरांच्या पत्नी. दोन चित्रं एकमेकांवर बरोबर बसल्याशिवाय डोंगर उभा राहत नाही आणि ती बसवायला काकूंच्या नजरेसारखी नजर नाही. सर प्रोजेक्टरपाशी वाकून उभे, काकू पदराने हात पुसत खुर्चीत. "अवो, जरा डावीकडं. अजून जरा. बस." बस म्हटलं की बस. प्रत्येक खेळाच्या आधी हे व्हायचंच.

मग काकूंचा डावा डोळा गेला. काचबिंदू. दुखलं-खुपलं काही नाही, हळूहळू गेला आणि कळलं तेव्हा परत येण्यासारखा नव्हता. काकूंनी ते ज्या शांतपणे घेतलं ते मला जमलं नसतं. त्यानंतर पहिल्यांदा त्या चहा ओतायला लागल्या तेव्हा मीच समोर होतो. धार कपाच्या कडेबाहेरून सरळ बशीत गेली. एका डोळ्याला अंतर कळत नाही म्हणतात ते तेव्हा पाहिलं. काकू हसल्या. सर हसले नाहीत. त्या दिवसापासून त्या घरात चहा फक्त सर ओततात. कोणी किटलीला हात लावला तर ओरडतात, "चहा ओतणं हे पण शास्त्र हाय, तुमचं काम नाय ते!" आणि वीतभर वरून धार सोडतात, एक थेंब इकडे-तिकडे नाही. नवीन माणसाला वाटतं, म्हातारा विक्षिप्त आहे. पायऱ्यांच्या कडांना त्यांनी पिवळे जर्द पट्टे मारले तेव्हा मीही विचारलं होतं, सर, घर हाय की एसटी डेपो? नंतर स्वतःच ओशाळलो.

काकूंनी शेडमध्ये यायचं सोडलं. "मला सगळं सपाटच दिसतं. तुम्ही दाखवा लोकांना." सरांनी लोकांनाही दाखवायचं बंद केलं. पोरं येऊन परत जायला लागली. बल्ब उडालाय, म्हणायचे. दोन्ही प्रोजेक्टरचे बल्ब शाबूत होते, मला माहीत होतं. आणि ते पालुपद, शोभेच्या डोळ्यांचं, ते त्या घरातून नाहीसंच झालं. एरवी ज्याचा कंटाळा यायचा ते ऐकू येईना तेव्हा मला करमेना. सरांना भिंत नको होती असं नाही. पहिल्या खुर्चीशिवाय नको होती.

अशीच एक दुपार. काकू ओसरीत बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या. सर पेपर धरून बसले होते, वाचत नव्हते. मी जांभया देत होतो. काकू सहज म्हणाल्या, "काय बाई हा हसुराम. अजून फुगलेलीच दिसते त्याची फळी. हात लावावासा वाटतो."

सरांनी पेपर खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"पोट आलंय म्हटलं फळीला."

"तुला दिसतं? उठाव दिसतो?"

"नाय दिसाला काय झालं? एक डोळा गेलाय, अक्कल नाय गेली."

सर उठले, फळीपाशी गेले आणि त्या प्लायवूडच्या पोटावरून हात फिरवायला लागले. ज्या चुकीवरून हसुरामला ओरडले होते तीच चूक आता डोळे भरून बघत होते. सावली आणि उजेड! त्याला दुसरा डोळा लागतच नाही. "कंपनी," ते म्हणाले, "चल, फळी धर."

त्यानंतर काय काय झालं ते माझ्या मानेला विचारा. आधी सरांनी डोंगरावर कलता उजेड सोडला, संध्याकाळच्या उन्हासारखा. काकू म्हणाल्या, "फोटो चांगला हाय." मग सरांनी डोंगर सावकाश डोलवायला घेतला, डावीकडे-उजवीकडे, कारण हलत्या वस्तूची खोली एका डोळ्यालाही कळते. त्याची चाचणी माझ्यावर, एक डोळा रुमालाने बांधून, नाइट शिफ्टनंतर. मला भोवळ आली. काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "डोंगराला पाळण्यात घातलाय काय? तो कशाला हलेल? मी हलते ना. सुईत दोरा ओवताना मीच मान हलवते, तेव्हा कुठं भोक सापडतं."

सरांनी डोलणारा डोंगर तिथल्या तिथे थांबवला.

पुढचे काही दिवस शेडमधून नुसते खटपटीचे आवाज येत होते. मग एका संध्याकाळी मला बोलावणं आलं. भिंतीच्या वर एक छोटा कॅमेरा लावला होता. काकूंच्या नेहमीच्या चष्म्याच्या दांडीला मखराच्या माळेतला एक लाल दिवा बांधला होता. तो दिवा हलला की कॅमेऱ्याला कळायचं, मान कुठे गेली, आणि तसतसा भिंतीवरचा डोंगर बदलायचा. खिडकीतून बघताना आपण सरकलो की मागचं दिसतं, तसं. काकू लाजून मला म्हणाल्या, "मला गणपती करून बसवलाय बग सुनील." सरांनी डाव्या डोळ्याच्या प्रोजेक्टरवर कापड टाकलं. त्याचा आता उपयोग नव्हता. ते कापड त्यांनी फार जपून टाकलं, चारी कोपरे ओढून.

दार लावलं. भिंत उजळली. अवचितगड आला, अंगावर उतरतं ऊन घेऊन. काकू पहिल्या खुर्चीत. मी मागे. सरांनी स्टुलावर किटली आणि कप मांडले होते, खास प्रसंग म्हणून. मला वाटतं, हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

काकूंनी मान जरा डावीकडे नेली. कड्याआडची घळ दिसली. उजवीकडे नेली, घळ मिटली आणि सोंड पुढे आली. परत डावीकडे. परत उजवीकडे. सर किटली हातात घेऊन उभे. विचारायची हिंमत नव्हती त्यांची, आणि माझीही नव्हती.

आणि काकूंचा हात उठला. खुर्चीच्या दांडीवरून सुटला आणि हळूच पुढे गेला, त्या सोंडेपाशी, जिथे हवेशिवाय काही नव्हतं.

मी वाट बघत होतो. सरांनी ते म्हटलं नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, हात तसाच धरून, "काढू काय वो हात? सरकारी हाय ना?"

"र्‍हाऊ दे गो," सर म्हणाले. "तुझा हाय तो."

आणि ते चहा ओतायला लागले. धार कपाच्या बाहेरून बशीत गेली, बशीतून स्टुलावर आणि स्टुलावरून माझ्या पायावर. चटका बसला, पण मी हूं की चूं केलं नाही. सरांचं लक्षच नव्हतं. ते ओततच होते.

काकूंनी डोंगरावरची नजर जराही हलवली नाही. नुसता थेंबांचा आवाज ऐकून म्हणाल्या, "अवो, जरा डावीकडं."