पिवळ्या माशाची नजरकैद आणि खेकड्याचा पाडाव

काचेच्या टाकीचे राज्यात जो प्रसंग गुदरला, तो पदरचे काही न घालता, जैसा जाहला तैसा लिहिणे प्राप्त. राजश्री दंतवैद्य, दवाखान्यात दाढा उपटणार आणि घरी समुद्र पाळणार, यांनी दिवाणखान्यातील सोफा पदच्युत करून ते जागी खाऱ्या पाण्याची टाकी स्थापिली आणि तीत दगडी सांगाड्याची जिवंत प्रवाळे वसविली. पाहुणा आला की त्यास पाणी न विचारता प्रवाळ दाखवीत, आणि त्याने "हे झाड आहे का?" ऐसे पुसले की मुद्रा ऐसी करीत, जैसा सारा मुलूख अडाण्यांनी भरला. खरेदीचे दिवशी खाशांनी दुकानदारास हेच पुसले होते.

ऐसियास एके सकाळी जांभळ्या प्रवाळाचे शेंडे कुरतडलेले दिसले आणि आतील पांढरा सांगाडा उघडा पडला. मग मसलत बसली, मसलतीस खासे एकटेच, आणि ना साक्ष ना पुरावा, पिवळा मासा हरामखोर ठरला. हा मासा म्हणजे वैद्यराजांचे कुटुंब जे बाईसाहेब, त्यांचा जीव की प्राण. त्यांची चाहूल लागताच काचेपाशी धावे, आणि वैद्यराजांस ढुंकून न पाही. हाच त्याचा मूळ अपराध. फर्मान सुटले, की माशास बादलीत नजरकैद करावे.

बाईसाहेब म्हणाल्या, "त्याला खाताना पाहिलंत तुम्ही?"

हुजुरांनी आवाज चढविला. मग बाईसाहेबांनी बोलणे टाकिले आणि बादलीशेजारी स्टूल मांडून ठाण दिले.

दुसरे दिवशी आणखी एक फांदी फस्त! कैदी तर बादलीत. तेव्हा वैद्यराजांनी पडदे ओढिले, विजेरी रोखिली, आणि पाहतात तो नखाएवढा खेकडा प्रवाळाचे बुडाशी भोकात बसून न्याहारी करितो. प्रवाळाबरोबरच तो घरात शिरला होता, आणि वैद्यराजांनीच त्यास मिरवीत आणिला होता.

मग युद्ध पेटले. दवाखान्यातील चिमटे आणि तोंडात घालावयाचा आरसा ऐसा सरंजाम घेऊन वैद्यराज कोपरापर्यंत टाकीत उतरले, आणि भोकात चिमटा घालिती तो खेकडा दुसरे भोकी, तिकडे वळती तो तिसरे भोकी. आणि वळता वळता कोपर लागून प्रवाळ कडकन मोडिले. खाशांचे डोळे भरून आले. तुकडा वर काढिला, तो गनीम त्यासच बिलगून बाहेर आला. हाच तो पराक्रम.

आवाज ऐकून बाईसाहेब आल्या. "रडताय काय? चिकटवला तर वाढतो ना तुकडा? डिंक आणा तुमचा तो."

दोघांनी मिळून तुकडे दगडास चिकटविले, खेकड्यास निराळ्या बरणीत बसविले. मग वैद्यराज हळूच म्हणाले, "चुकलं माझं."

"मला काय सांगताय? त्याला सांगा. आणि मोठ्यानं."

येणेप्रमाणे मासा सन्मानाने टाकीत रुजू जाहला, आणि राजश्री दंतवैद्य यांनी काचेपुढे गुडघे टेकून एका माशाची खड्या आवाजात माफी मागितली. साऱ्या मोहिमेत शहाणपणाचे कृत्य इतकेच घडले, सबब मोहीम फत्ते ऐसे लिहिले असे.