आधी नवरदेव दाखवा!

धंदा करावा तर डोकं वापरून करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि डोकं माझ्याकडे भरपूर होतं!

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा मी पुण्याहून बोईसरला आलो. सगळे तिथे नोकऱ्या शोधत होते. मी मात्र लग्नाचं सामान भाड्याने द्यायचं दुकान काढलं. टोप, पराती, झारे, सतरंज्या, गॅसबत्त्या! सामान कुणीही देईल हो, पण ते अचूक दारात पोचवणं ही खरी कला. एकाच नावाची दोन माणसं, एकाच दिवशी चार लग्नं, आणि गाडी दिसली की जो तो "आमचंच, आमचंच" म्हणत भांडी उतरवून घेणार. म्हणून मी नियमच केला: नवरा-नवरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडीतून चमचासुद्धा खाली उतरणार नाही!

पहिलीच ऑर्डर आली डोंगरातल्या बोंडारपाड्याची. बांधकामावर पाट्या उचलणारा सुका दुकानात येऊन सांगून गेला, "मंगळवारी झिपरूकडं लगीन हाय. सकाळीच सामान पोचव, शेठ. टोप आल्याबिगर भात शिजायचा नाय."

शेठ! त्या एका शब्दावर मी बैलगाडी दोनदा धुऊन घेतली. गाडीवान होता इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा एकनाथ. त्याच्या गाडीतून एरवी सुके बोंबील जात, त्यामुळे धुऊनही फारसा फरक पडला नाही.

पाड्यावर मांडव झकास घातला होता. पन्नाशीचा एक माणूस हळद लावून पुढे आला.

"मीच झिपरू. उतरव सामान."

"उतरवतो. आधी नवरदेव दाखवा."

"मीच नवरदेव!"

मी हसलो. तोही हसला. माझं हसणं आधी थांबलं.

"बरं. आणि नवरी?"

"ही काय, कमळी!"

हळदीनं माखलेली कमळी समोर आली. कडेवर गुटगुटीत पोरगं.

"हे कुणाचं?"

"नातू हाय माजा," कमळी कौतुकानं म्हणाली. "आमच्या चिंतूचा. चिंतूचाबी आजच लगीन हाय."

चिंतूही हजर होता, हळद लावलेला. त्याची बायकोही हळद लावलेली, आणि तिच्या पदराला आणखी एक पोर!

मी एकनाथला बाजूला घेतलं. "बाप नवरदेव, लेक नवरदेव, आणि नवरीच्या कडेवर नातू! अरे, चेष्टा चालली आहे आपली. दुसऱ्याच्या लग्नाचं सामान लाटायला बघताहेत हे!"

"मला मासळीचं इचारा, शेठ," एकनाथ म्हणाला. "डोंगरातला मला काय ठावं?"

"वळव गाडी!"

"अरं, कुठं चाललास?" कमळी मागून धावत आली. "तांदूळ धुऊन ठेवलंत! पाव्हनं येतील, काय घालू त्यांला?"

"खरी नवरी अशी धावते का हो?" मी बाणेदारपणे सुनावलं आणि खऱ्या लग्नघराच्या शोधात निघालो.

पुढच्या पाड्यावर कोंबड्या होत्या, माणूस नव्हतं. त्याच्या पुढच्या पाड्यावर कोंबड्याही नव्हत्या! शेवटी एका झोपडीतून बुधी नावाची म्हातारी बाहेर आली, तिनं गाडी पाहिली, आणि काही न विचारता सरळ मोठ्या टोपात जाऊन बसली.

"आजी, लग्न कुठे आहे?"

"मी दावते ना! मी गानी म्हटल्याबिगर लगीन लागतच नाय. गाडी आनलीस ता बरा केलास."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! प्रत्यक्ष लग्न लावणारीच हाती लागली, आता पत्ता कसा चुकतो? वाटेत आणखी पाहुणे चढले. टोपाटोपांत पोरं, सतरंज्यांवर बायका, आणि एक जण तर भर दुपारी गॅसबत्ती उंच धरून पुढे उभा! बुधी डावीकडे म्हणाली की आम्ही डावीकडे, उजवीकडे म्हणाली की उजवीकडे. सकाळी ओलांडलेलाच ओढा पुन्हा लागला तेव्हा मला जरा शंका आली. मांडव दिसला तेव्हा शंका उरली नाही.

झिपरूच्याच दारात! धुतलेल्या तांदळाच्या टोपल्या पुढ्यात घेऊन कमळी बसली होती. रडून रडून तिची हळद ओघळली होती.

सगळा प्रकार ऐकल्यावर बुधीनं टोपातूनच मला झापलं, "आमच्यात आधी संसार, मंग लगीन! अख्खा गाव जेवू घालाया धान नको? यंदा पिकला, तर बापलेकानी एकाच मांडवात उरकाया घेतला. चिंतू पोटात होता तवापासून कमळी ह्या दिवसाची वाट बघते, आन तू टोप घेऊन पळालास!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईनं इतकी वर्षं वाट पाहिली आणि ऐन वेळी मी तिच्या लग्नाचा भात अडवून डोंगर फिरत होतो! टोप मी स्वतः उतरवले, चुली मी पेटवल्या, फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी काढलं. उन्हं कलता कलता बुधीनं गाणी सुरू केली, दोन्ही लग्नं लागली आणि कमळी एकदाची हसली.

पंगतीत वाढता वाढता ती माझ्यापाशी थांबली. "शेठ, तुजा लगीन झाला?"

"नाही अजून."

"ता असू दे," ती म्हणाली. "पोरां किती?"

"पोरं? एकही नाही!"

झिपरूनं कपाळाला हात लावला. बुधी हळहळली, "अरं रं! आन एवढा शेठ मानूस!"

त्या दिवशी सगळ्यांना एकेक वाढणी भात मिळाला. मला मात्र कमळीनं दोन वाढल्या. मानाच्या म्हणून नव्हे हो, कीव आली म्हणून!