केळुसकरांचा नेपच्यून

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये केळुसकर पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "वरचा डावा कुठे करून घेतलात?" असं विचारलं.

मी आधी मागे वळून पाहिलं, कारण आम्ही शारजात, अल नहदात नुकतेच राहायला आलो होतो आणि वरचा डावा म्हणजे फ्लॅट असेल असं मला वाटलं. पण ते माझ्या दाताकडे बघत होते. "पुण्यात," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "कॅप चांगली आहे. शेड चुकली." एवढं बोलून ते अकराव्या मजल्यावर उतरले. मी घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले. त्या दिवसापासून फोटोत मी तोंड मिटून हसते.

केळुसकर मूळचे कुडाळचे. तीस वर्षं इथे एका डेंटल लॅबमध्ये दात बनवतात. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माप घेतात, आणि त्या मापावरून पोर्सलिनची कॅप घडवून, भट्टीत भाजून, शेजारच्या दाताच्या रंगाला रंग जुळवून देतात ते केळुसकर. त्यामुळे ते माणसाकडे बघतात म्हणजे ओठांच्या जरासं आत बघतात. ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये ते चार वेळा नापास झाले. चौथ्या वेळी परीक्षक जांभई देत होता आणि हे रस्ता सोडून त्याची मागची दाढ बघत होते, असं त्यांनीच सांगितलं. "काय दाढ होती वहिनी. त्या दाढेसाठी लायसन्स गेलं तरी चालेल."

"शेड चुकली" हे त्यांचं सगळ्या गोष्टींबद्दलचं मत असे. चहा, बिल्डिंगच्या वॉचमनचा नवा युनिफॉर्म, गणपतीच्या कार्यक्रमातलं सूत्रसंचालन, सगळ्यांची शेड चुकलेली असायची. क्वचित एखादी गोष्ट आवडली तर "खलास, जमली."

पण त्यांचं खरं वेड दात हे नव्हतंच. एकदा डबा परत द्यायला वर गेले तर दिवाणखान्यातल्या कपाटात पाच देव उभे होते. आपले नव्हेत. वीतभर उंचीचे, चिनी मातीचे, गुलाबी गालांचे, पायाशी फुलंबिलं असलेले. एका बाईचा हात धनुष्य धरल्यासारखा होता, पण धनुष्य नव्हतं आणि दोन बोटंही नव्हती.

"ही डायना," केळुसकर म्हणाले. "शिकारीची देवी. पार्कातल्या जुन्या बाजारात मिळाली. कोणीतरी सामान विकून चाललं होतं, त्यांना वाटलं बाहुली आहे." मग त्यांनी देवीला सरळ उलटं केलं. "हे बघा तीन डाग. भट्टीत मातीच्या तीन गोळ्यांवर उभी केली होती तिला. अडीचशे वर्षं झाली, गोळ्यांच्या खुणा आहेत अजून. इंग्लंडात त्या वेळी असं करायचे. ज्याच्या बुडाला काही नाही आणि नुसता छान छान शिक्का आहे, तो बहुतेक नंतरचा."

पाचांपैकी दोनच खरे जुने होते. बाकीचे तीन नकली आहेत हे त्यांना माहीत होतं, पण "आले आता, राहू देत" म्हणून ठेवले होते.

मला त्या देवांचं कुतूहल वाटायला लागलं ते मात्र त्यांच्या सांगण्यामुळे. प्रत्येक देव झाडाच्या खुंटाला टेकलेला का, हे मी विचारलं. केळुसकर खूश झाले. "अहो, भट्टीत ही माती मऊ होते. पाय दोन, तेही बारीक. खुंट नसता तर देव कमरेत वाकून बसला असता. मग कारागिराने काय केलं, मागे झाड लावून दिलं. लोकांना वाटतं सजावट." आणि हे ग्रीक-रोमन देव इंग्लंडमधल्या कारागिरांनी कुठे पाहिले होते? छापील चित्रांवरून घडवायचे. त्यामुळे युद्धाचा देव लग्नाला निघाल्यासारखा आणि डायनाच्या अंगावर फुलाफुलांचा फ्रॉक.

"आणि ठेवायचे कुठे? जेवणाच्या टेबलावर. आधी गोड पदार्थांबरोबर साखरेचे देव ठेवायचे. मग हे आले."

माझी मुलगी इरा बारा वर्षांची. ती म्हणाली, "सो बेसिकली, केक टॉपर्स."

केळुसकर दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाले, "पोरगी चूक नाही बोलली."

त्यांचा उद्योग असा, की या देवांची तुटलेली बोटं ते बनवायचे. दाताला जे मटेरियल लावतात तेच, निळ्या दिव्याखाली घट्ट होणारं. मूळ मूर्ती पुन्हा भट्टीत घालायची नाही, तडकते. डायनाच्या दोन बोटांना त्यांनी सात महिने घेतले. झाल्यावर मला बोलावून विचारलं, "कुठली दोन माझी?" मला सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला कोळंबीचं तिखलं पाठवलं.

मार्गारेटबाई आल्या त्या दातामुळेच. अल ऐनला चाळीस वर्षं राहिलेल्या इंग्रज बाई, शाळेत शिकवायच्या, नवरा विहिरी आणि पाण्याच्या कामांवर इंजिनिअर. तो जाऊन काही वर्षं झाली होती. पुढच्या दाताची शेड जुळेना म्हणून त्यांच्या डॉक्टरने त्यांना थेट लॅबमध्ये पाठवलं. केळुसकरांच्या टेबलावर तेव्हा नकली देवांपैकी एक दुरुस्तीला होता. बाईंनी तो उचलला आणि चेहरा न बघता उलटा केला.

"सरळ बूड बघितलं, वहिनी," केळुसकर मला सांगत होते, आणि एखाद्याला परदेशात गाववाला भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

बाईंकडे एक नेपच्यून होता. समुद्राचा देव, पायाशी डॉल्फिन मासा. सासूकडून आलेला, खरा जुना. त्याचा उजवा हात कधीतरी तुटला होता आणि नवऱ्याने घरच्या घरी चिकटवला होता. वाकडा. त्यामुळे समुद्राचा देव टॅक्सी थांबवत असल्यासारखा दिसायचा. बाई आता कायमच्या इंग्लंडला, बहिणीकडे चालल्या होत्या. जाण्याआधी हात नीट करून हवा होता. केळुसकरांनी नेपच्यून बिस्किटांच्या डब्यात, कापसात घालून घरी आणला.

पुढचे तीन आठवडे ते दुसरं काही बोलले नाहीत. जुना गोंद पिवळा पडलाय, तो ॲसिटोनने सोडवायचा, हात सुटला की कोन सुधारून बसवायचा, सांधा असा बुजवायचा की बाईंच्या सासूलाही कळू नये. मी एकदा वर गेले तेव्हा नेपच्यून दिव्याखाली होता, शेजारी बाटली, कापूस, चिमटा, सगळी तयारी. चार दिवसांनी गेले तरी तयारीच होती.

"अजून सुरुवात नाही?" मी विचारलं.

"करतो. घाई नाही."

घाई होती. बाईंचं विमान मंगळवारी होतं.

शनिवारी सकाळी मी केळुसकरांना गाडीने अल ऐनला न्यायचं ठरलं होतं. इराही आली. केळुसकर डबा मांडीवर घेऊन पुढे बसले. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू आणि उंटांसाठी घातलेलं कुंपण. एरवी हा माणूस शारजा सोडेपर्यंत तीन जणांच्या दाताबद्दल बोलला असता. आज नुसता डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत होता. शेवटी इराने मागून हात घालून डब्याचं झाकण उघडलं.

"काका, इट्स स्टिल क्रुकेड."

मी बाजूला पाहिलं. नेपच्यून टॅक्सी थांबवत होता.

"केळुसकर, हे तर तसंच आहे. बाई मंगळवारी जाणार. त्यांना काय सांगणार आपण?"

"बघू," ते म्हणाले. मला खरंच राग आला. तीन आठवडे अडकवून ठेवलं, दुसऱ्या कोणाला देऊ दिलं नाही, आणि आता बघू.

बाईंचं घर जवळजवळ रिकामं झालं होतं. भिंतीशी खोकी रचलेली, तीन खुर्च्या आणि एक घडीचं टेबल उरलेलं. बाईंनी डबा उघडून नेपच्यून टेबलावर ठेवला, आणि हाताकडे बघून त्यांचा चेहरा पडला.

केळुसकरांनी खिशातून त्यांचं दातांचं काम करताना लावायचं भिंग काढलं, छोटी बॅटरी काढली, आणि त्यांच्या त्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "मॅडम, प्लीज. हिअर सी. बिहाइंड एल्बो."

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं.

कोपराच्या मागे, जिथे गोंद ओघळून जाड झाला होता, तिथे अंगठ्याचा ठसा होता. अख्खा. मी नंतर पाहिला. रेषा न् रेषा मोजता येईल असा, आणि मधून एक बारीक आडवी चीर.

"दॅट्स हिज स्कार," बाई म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "हा हात चिकटवला त्या दिवशी तो फार वैतागला होता. गोंद धरेना म्हणून अर्धा तास हात दाबून बसला होता. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, 'माझा हात मोकळा नाही, तूच पाज.' मग मी पाजला."

"इफ आय रिपेअर, फिनिश," केळुसकर म्हणाले. "कॉटन टच केला की गॉन. सो यू टेल. टुडे आय कॅन डू, टू अवर्स. सगळं आणलंय मी."

बाटली, कापूस, चिमटा, निळा दिवा, सगळं खरंच त्यांच्या पिशवीत होतं.

बाईंनी डबा स्वतःकडे ओढला आणि नेपच्यूनला परत कापसात निजवला. केळुसकरांनी कापूस जरा सैल करून दिला, ठशावर घासू नये म्हणून.

परतताना एका पेट्रोल पंपावर इथला तो दाट करक चहा घ्यायला थांबलो. मी सकाळच्या रागाबद्दल माफी मागितली आणि विचारलं, "पहिल्याच दिवशी दिसला होता ठसा?"

"दुसऱ्या दिवशी. कापूस भिजवला होता, वहिनी. हातात होता." त्यांनी चहात फुंकर मारली. "मग रोज बसायचो आणि उठायचो. काम तर घेतलेलं. नाही कसं म्हणायचं."

बिल्डिंगपाशी पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. इरा धावत वर गेली. केळुसकर लिफ्टमध्ये म्हणाले, "दोन मिनिटं येता?"

देवांच्या कपाटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. स्वयंपाकघरात गेले आणि डाळींच्या बरण्यांमागून एक स्टीलचा डबा काढला. आत मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. माझ्या हातावर ठेवलं. प्लास्टरचा साचा होता, माणसाच्या खालच्या जबड्याचा. दात नव्हते, नुसती हिरडी. एका बाजूला एकच सुळा. डब्यात खाली एक नवी कोरी कवळीही होती.

"आई," ते म्हणाले. "किती वर्षं सांगत होतो, कवळी करून देतो. ती म्हणायची, 'माका आता दात कित्याक व्हये, कोणाक चावूचा आसा?' एका रजेत जबरदस्तीने बसवून माप घेतलं. इकडे येऊन कवळी केली. पाठवता आली असती. पण बसवताना टोचतं कुठे बघावं लागतं, घासावं लागतं. म्हटलं पुढच्या रजेत स्वतः बसवीन. तिने काही रजेची वाट बघितली नाही."

मी त्या एका सुळ्यावरून बोट फिरवलं.

"तो एक होता शेवटपर्यंत. त्याच्यावर सुपारी फोडायची." केळुसकर हसले. "लोकांसमोर हसायची ती पदर तोंडावर घेऊन. माप घेतलं त्या दिवशी पहिल्यांदा तिचं तोंड आतून बघितलं मी. इतकी लाजत होती, डोळे घट्ट मिटून घेतले होते."

त्यांनी डब्याचं फडकं झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "बसा ना. चहा टाकतो."

आत्ताच तर घेतला होता. पण मी बसले. त्यांनी दूध तापत ठेवलं, आलं शोधलं, किसलं. साचा परत मागितला नाही. चहा होईपर्यंत तो माझ्या मांडीवरच होता.