साळवींची उधारी

आखातात, अल-खोबरला गाडीवर धूळ बसायला एक रात्र पुरते. आणि धूळ बसली की सकाळी काचेवर बोटानं काढलेलं चिनी अक्षर! काढणारे आमच्या खालच्या मजल्यावरचे साळवी. गुहागरचे, पाइप फिटरांचे फोरमन, एकटे राहायचे.

"काय हो हे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"उधार! ह्या अक्षराचा अर्थ उधार. साइटवरच्या लिऊ नावाच्या चिन्यानं शिकवलं. डावीकडे बघा, ती कवडी. पूर्वी त्यांच्याकडे पैसा म्हणजे कवडीच. उजवीकडचं नुसतं उच्चारापुरतं. आणि जुन्या कवितेत ह्याचाच अर्थ लांब, दूर. आहे की नाही गंमत?"

गंमत कसली डोंबलाची! काच मला पुसावी लागायची.

साळवींच्या खिशात रियाल असायचे, पण कोपऱ्यावरच्या कोयाच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, साधी खुबूसची रोटी घेतली तरी "लिहून ठेव." लाँड्रीत उधार, चहावाल्याकडे उधार. पगार झाला की फेडायचे, तेही थोडी बाकी ठेवूनच. "कवडीचुंबक मेला!" आमची ही म्हणायची.

शेवटी मी तोंडावरच विचारलं, "अहो, रोख द्यायला काय होतं तुम्हाला?"

साळवी हसले नाहीत. "आधी कतीफच्या कामगार कॅम्पात होतो, तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीतला वेल्डर वारला. ईदची सुट्टी होती, मी गावी गेलेलो. सुट्टी संपेपर्यंत कुणाला पत्ताच नाही. फार सरळ माणूस, सगळं रोखीनं. थोडी उधारी असती तर दुकानदार तरी दार वाजवत आला असता हो."

 साळवींची बायको वारलेली, मूलबाळ नाही. आपण दिसलो नाही तर कुणीतरी चौकशी करावी, एवढंच त्यांना हवं होतं. 

पुढं कंपनीनं त्यांना फायनल एग्झिट दिला, म्हणजे कायमचं घरी पाठवायचं ठरवलं. सगळी देणी चुकती करणं आलं. मी सोबत गेलो. कोयानं शेवटची नोट गल्ल्यात टाकली. "खलास, साळवीभाई. सब साफ."

साळवींचा चेहरा असा उतरला की बघवेना. "झालं," ते मला म्हणाले, "आता मी राहिलो काय, गेलो काय, कुणाला कळणार?"

दारापर्यंत गेले, परत फिरले. फळीवरचा एक साबण उचलला. "कोया, ये लिखके रखो."

विमान त्याच संध्याकाळचं होतं. मला माहीत होतं, कोयालाही. त्यानं पेन काढलं, लिहिलं आणि मान वर न करता म्हणाला, "भूलना नहीं, साळवीभाई. पैसा नहीं आया तो मैं गुहागर आएगा."

"आना," साळवी म्हणाले. "जरूर आना."