पॅकीच्या दारातली ब्रिजिड

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आणि ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच, तेवढं सांभाळून घ्या. कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण पॅकीबद्दल कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं.

पॅकी आमचा शेजारी. रस्त्यात मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी एकटा दिसला की हा सत्तरी उलटलेला माणूस ट्रॅक्टर थांबवतो, टोपी काढतो आणि त्याला विचारतो, "काय साहेब, वहिनी बऱ्या ना?" एकटा मॅगपाय दिसणं वाईट, पण त्याची विचारपूस केली की बाधत नाही, अशी इकडची समजूत. मागे गाड्या खोळंबल्या तरी पक्षी उडाल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही.

माझा मुलगा इकडे परदेशात, लेटरकेनी नावाच्या शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर. त्याचं घर मात्र लांब, या खेड्यात. सुनेच्या, म्हणजे मृणालच्या बाळंतपणाला मी आले आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली. मला इंग्रजी येत नाही, त्यात बोलायची भीड. पॅकीला दोन्हीची पर्वा नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून तो बोलत राही आणि मृणाल जमेल तेवढं मला मराठीत सांगे. त्याच्या लेखी सगळं 'ग्रँड', म्हणजे झकास. पाऊस ग्रँड, गुडघा ग्रँड. वाऱ्यानं गोठ्याचा पत्रा उडवून आमच्या अंगणात टाकला, तोही ग्रँडच.

पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं, "मिसेस, तुम्ही कुणाच्या?" मृणाल गोंधळली. मला प्रश्न लगेच कळला, आमच्या गावातही हेच विचारतात. इथे निम्म्या गावाचं आडनाव एकच, म्हणून माणूस बापाच्या आणि आजोबांच्या नावानं ओळखायचा. हा पॅकी जॉनी मिक, म्हणजे मिकच्या जॉनीचा पॅकी. मी माझ्या वडील-आजोबांची नावं सांगितली. तेव्हापासून मी गावाला 'सुमन गणपत तुकाराम'. लग्न झाल्यापासून वडिलांचं नाव माझ्या नावापुढे कुणी लावलं नव्हतं. पोस्टमन लांबून "सुमन गॅनपॅट" म्हणाला की मला उगाच हसू येई.

पॅकीची बहीण ब्रायडी त्याच्याकडेच राहायची. दोघंही बिनलग्नाची. ती फारसं बोलायची नाही, खिडकीतून मला मान हलवायची. पानगळीच्या दिवसांत ती गेली. मोजकीच माणसं परवानगीनं कबरस्तानात गेली. मृणालनं त्याला कसे आहात विचारलं. "ग्रँड," म्हणाला.

जानेवारी संपता संपता तो भिंतीशी आला तो टाय लावून.

"मिसेस, उद्या संध्याकाळी ब्रिजिड यायची आहे."

ब्रिजिड ही इकडची संतीण. तिच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी घरातली बाई लव्हाळी उपटून आणते, घराला फेरी घालते आणि दार वाजवून म्हणते, ब्रिजिड आली, दार उघडा. आतली माणसं तिला या म्हणतात. मग सगळ्यांनी जेवायचं आणि त्या लव्हाळ्यांचे क्रूस विणून दारावर लावायचे.

मी मृणालला म्हटलं, "अगं, ही तर आपली गौर."

"बाहेरून ब्रायडी यायची," पॅकी म्हणाला. "आतून मी बोलायचो. आता दार वाजवायला मी बाहेर गेलो तर आत कोण?"

म्हणजे बाहेरून मी यावं, असं त्याचं म्हणणं. मालक गेल्यापासून गौरी घरात येताना मी मागच्या खोलीत असते. मृणालला म्हटलं, "त्याला सांग, मी विधवा. मला चालत नाही. तू जा, तू सवाष्ण आहेस."

तिनं ते कसंबसं सांगितलं. पॅकीनं नीट ऐकून घेतलं. "ब्रिजिडला तरी कुठे नवरा होता? आणि ही पोरगी भराभर चालते. आमच्याकडे ब्रिजिड पाय ओढत येते."

माझे गुडघे ब्रायडीसारखेच दुखरे.

"आई, जा तुम्ही," मृणाल म्हणाली. "आत कुठे जायचंय? दारापर्यंतच तर आहे."

तेव्हा कुणी कुणाच्या घरात जायचं नाही असा नियमच होता.

दुसऱ्या दिवशी अंधारून येताना मी डोक्यावर पदर घेतला आणि लव्हाळ्यांची पेंढी उराशी धरून त्याच्या घराला फेरी घातली. चिखलात पाय ओढावे लागलेच. मृणाल फाटकापाशी मास्क लावून उभी होती. मी दार वाजवलं. "ब्रिजिड आली आहे, दार उघडा." मराठीतच म्हटलं.



वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा वाजवलं. मग कुणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पॅकी काहीतरी बोलला. शब्द मला कळले नाहीत, पण कुणाला तरी घरात ये म्हणत होता एवढं कळलं.

त्यांचं दार वर एक, खाली एक अशा दोन फळ्यांचं. वरची उघडली. तो कोट घालून उभा, डोळे लाल. मागे टेबलावर दोन ताटं मांडलेली. लव्हाळी त्यानं माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतली, आणि परत जाऊन एक ताट आणून माझ्यासमोर खालच्या फळीच्या रुंद काठावर ठेवलं. स्वतःचंही शेजारी आणलं.

तो आत, मी बाहेर, मध्ये अर्धं दार. उभ्यानंच आम्ही लोणी घातलेले गरम बटाटे खाल्ले.