‘पुरे’चं बटण

शुद्धोबांच्या टेबलाच्या खणात, लाल शाईच्या बाटलीखाली, एक पत्र तीन वर्षं उत्तराची वाट बघत पडलं होतं. पत्र त्यांच्या छापखान्यातल्या जुन्या कंपोझिटरचं. छत्तीस वर्षं तो अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि हे मुद्रितं तपासायचे. ‘शुद्धोबा’ हे नावही त्यानंच ठेवलेलं. निवृत्त झाल्यावर त्यानं छापखान्याच्या आठवणी लिहून काढल्या, वहीची एक प्रत पाठवून दिली आणि सोबत दोन ओळी लिहिल्या : ‘वाच आणि कशी झालीय ते सांग. तू सांगेपर्यंत कुणाला दाखवणार नाही.’

शुद्धोबांनी वही दोन दिवसांत वाचली. चारशे बारा चुका निघाल्या. वही त्यांना अतिशय आवडली. या दोन गोष्टी एकाच पत्रात कशा बसवायच्या, या विचारात पहिला महिना गेला. मग उशिराबद्दल माफी मागणं आलं. ती कोणत्या शब्दांत मागावी, यात वर्ष सरलं. पुढे तर खण उघडायचीच चोरी झाली. लाल शाई लागली तर ते नवी बाटली आणत.

अशात एक दिवस धाकट्या मुलीनं त्यांना ऑफिसला बोलावलं. सांगाल ते लिहून देणारं एआय वापरताना नवख्या माणसाची घाबरगुंडी उडू नये, असा संगणकाचा पडदा आखायचं तिचं काम होतं. चाचणीला आजवर आलेली माणसं म्हणायला नवखी. मुळात सगळी चांगली तयारीची निघाली होती.

“अगदी कोरा माणूस हवाय, बाबा,” ती म्हणाली.

आयुष्यभर पुस्तकं वाचून आपण शेवटी कोरे ठरलो, याचं शुद्धोबांना थोडं वाईट वाटलं. पण पोरीला नाही म्हणवेना. तसं त्यांना कुणालाच नाही म्हणवत नसे.

चाचणीची खोली लहान होती. एक टेबल, एक संगणक आणि एका बाजूला काचेची भिंत. काचेपलीकडे मुलगी आणि तिचे साहेब. नियम असा, की आतल्या माणसाला कुणी काही सांगायचं नाही, खुणेनंसुद्धा नाही. आतल्यानं मात्र मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. शुद्धोबांनी मनातलं मोठ्यानं लग्नाच्या बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरून चष्मा पुसायला घेतला. काम सोपं होतं : कुणालाही एक पत्र लिहून घ्या. आयती संधी आली होती. खणातलं पत्र डोळ्यांसमोर आलं.

पडद्यावर अक्षरं उमटली : ‘नमस्कार. मी आपल्यासाठी काय करू?’

शुद्धोबांनी एका बोटानं टाइप केलं : ‘नमस्कार. आपल्याला त्रास देतो आहे, क्षमा असावी.’

यंत्रानं त्रास कसला म्हणत पत्र कुणाला लिहायचंय ते विचारलं. रिकामी चौकट दिसली की नवखा माणूस गोठतो, हे मुलीनं हेरलं होतं. म्हणून यंत्राचं प्रत्येक बोलणं प्रश्नानंच संपेल अशी तिनं सोय केली होती. खाली दोन मोठी बटणं होती : ‘चालेल’ आणि ‘अजून छान करा’. ‘नको’ असं बटण ठेवलं तर माणसं बिचकतात, असं साहेबांचं मत पडलं होतं.

समोरच्यानं प्रश्न विचारला आणि आपण उत्तर न देता बसलो, हा उद्धटपणा शुद्धोबांना तोंडावर कधीच जमला नव्हता. तो फक्त टपालानं जमे. किती वर्षांची ओळख, बोलणं का थांबलं, वही कशी वाटली, असं यंत्र विचारत गेलं आणि ते एकेका बोटानं सांगत गेले. तासाभरानं पत्र तयार झालं.

‘प्रिय मित्रा, कामाच्या प्रचंड व्यापामुळे उत्तराला विलंब झाला. तुझं लेखन वाचून मी निःशब्द झालो.’

शुद्धोबांना निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत काडीचं काम नव्हतं. शिवाय निःशब्द झालेल्या माणसानं पुढे दीड पान लिहिलं होतं. त्यांनी सवयीनं चुका शोधल्या. एकही सापडेना, तेव्हा तर ते फारच अवघडले. पत्र कसं वाटलं, असं यंत्र विचारत होतं.

एवढ्या मेहनतीनं कुणी लिहून दिल्यावर तोंडावर कसं सांगायचं? त्यांनी ‘चालेल’ दाबलं. यंत्रानं लगेच विचारलं, थोडं हृद्य करू का? चालेल. बालपणीची एखादी आठवण घालू का? बालपणी त्यांची ओळखही नव्हती, तरी चालेल. दुपारपर्यंत पत्र अकरा पानांवर गेलं. त्यात दोघं नदीत पोहायला शिकले होते, एकाच ताटात जेवले होते आणि शेवटी चार कडव्यांची कविता होती. कवितेला चाल सुचवू का, असं यंत्र विचारत होतं. शुद्धोबांनी काचेकडे केविलवाणं पाहिलं. मुलगी नियमाप्रमाणे छताकडे बघत होती. साहेब मात्र खूश होते. एवढा वेळ यंत्रासमोर आजवर कुणी बसलं नव्हतं.

चाल ठरल्यावर शेवटी मुलीलाच राहवलं नाही. नियम मोडून ती आत आली.

“बाबा, हे पत्र तुम्ही पाठवणार आहात?”

“छे गं. तो वाचेल आणि म्हणेल, गेला बिचारा कामातून.”

“मग थांबवलं का नाहीत?”

“कुठून थांबवायचं? ‘पुरे’ म्हणायला बटणच नाही. आणि ते इतकं अदबीनं विचारतंय.”

मुलगी शेजारची खुर्ची ओढून बसली. तिनं आखलेल्या पडद्यावर ‘हो’ म्हणायच्या दोन वाटा होत्या आणि बाहेर पडायची एकही नव्हती. काचेपलीकडे साहेबांना यातलं काय उमगलं कोण जाणे, पण त्यांनी हातातला कागद खाली ठेवला एवढं खरं.

घरी निघताना शुद्धोबांनी सगळं संभाषण छापून मागितलं. एवढी कागदपत्रं समोर आली की त्यांचा हात आपोआप चालायचा. संध्याकाळी त्यांनी खण उघडला, जुनी लाल शाई काढली आणि यंत्राचे प्रश्न, पत्रं, कविता, चाल, सगळं एका रेघेत खोडलं. मग ते थबकले. खोडून उरली होती ती त्यांनी स्वतः एकेका बोटानं दिलेली उत्तरं. ती एकाखाली एक वाचली तर असं होत होतं :

‘छत्तीस वर्षं एका छापखान्यात काढली. भांडण झालेलं नाही, मीच गप्प बसलो. वही वाचून मला छापखान्याचा वास आला. चुका चारशे बारा आहेत. चुकीला आमच्याकडे खुणा असतात, चांगल्या ओळीला खूण नसते. ती असती तर त्याच्या वहीत जागा पुरली नसती. हे त्याला सांगायचं राहून गेलं.’

त्यांनी ‘त्याला’चं ‘तुला’ केलं, आणि त्याबरोबर आणखी दोन-तीन शब्द बदलले. मायना घातला. पत्र स्वच्छ उतरवून काढलं. सही करणार तोच त्यांना यंत्राचं कसब आठवलं. शेवट प्रश्नानं केला की समोरच्याला उत्तर दिल्यावाचून सुटका नसते. खोडलेल्या पानांतला तेवढा एक गुण त्यांनी उचलला आणि खाली लिहिलं : ‘वही आता बाकीच्यांना दाखवशील ना?’

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. पडद्यावर तिसरं बटण आलं होतं, ‘पुरे, पुढचं मी बघतो’. कालच्या चाचणीच्या कागदावर मात्र साहेबांनी शेरा मारला होता : ‘काम अपूर्ण. वापरणाऱ्याकडून पत्र तयार झालं नाही.’

“तुम्हाला वाईट नाही ना वाटलं, बाबा?”

शुद्धोबा तेव्हा कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभे होते. पाकिटावर पत्ता बरोबर आहे ना, हे तिसऱ्यांदा तपासून झालं होतं आणि चौथ्यांदा तपासावं, असं वाटू लागलं होतं.

“पुरे,” ते म्हणाले, आणि त्यांनी पाकीट पेटीत सोडलं.